सामंतांची गुरुवारची चाचणी

दिनकर सामंत यांच्या नोकरीतल्या शेवटच्या गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर, आखातातल्या अल क्वोज या औद्योगिक भागातल्या सर्व्हिस सेंटरच्या चाचणीच्या खोलीत एका जुन्या पिस्तुलातली टोपी फुटली. खोलीत सामंत एकटे होते. कोणालाही इजा झाली नाही. काडतुसात गोळी नव्हती, दारूही नव्हती; बुडाशी बसवलेली नुसती टोपी होती. तिचा आवाज दिवाळीतल्या टिकलीपेक्षा थोडा मोठा असतो.

ते पिस्तूल तीन वर्षांहून अधिक काळ त्या इमारतीत होतं. त्या काळात बहुतेक दर गुरुवारी सामंत ते स्टँडवरून खाली पाडत, आणि दर गुरुवारी काहीही होत नसे.

करामा वस्तीतल्या इमारतीत सामंत आमच्या वरच्या मजल्यावर राहत. खाली औषधांचं दुकान, बाजूला उडुपी खानावळ, जिन्यात सकाळपासून सांबाराचा वास. सामंत मूळचे ठाण्याचे, शिक्षणाने इंजिनियर. उंच, किंचित वाकलेले, केस बारीक कापलेले. बोलणं हळू. समोरचा बोलून थांबला की ते लगेच उत्तर देत नसत. त्याचं वाक्य खरंच संपलंय की नाही याची खात्री करत असल्यासारखे थोडं थांबत. पुष्कळ लोक त्या थांबण्यात घाबरून आणखी काहीतरी बोलून जात, आणि नेमकं तेच सांगायचं राहिलेलं असे.

इमारतीत त्यांचं काम नीट कोणालाच माहीत नव्हतं. "स्पेअर पार्ट्समध्ये आहेत," एवढंच त्यांच्या पत्नी विद्यावहिनी सांगत. ते खोटं नव्हतं. एक परदेशी कंपनी खिशात मावतील अशी छोटी पिस्तुलं बनवते. तिच्या आखातातल्या ग्राहकसेवेचं काम सामंतांकडे होतं. या देशात परवाना फक्त नागरिकाला मिळतो. त्यामुळे दिवसभर पिस्तुलं हाताळणाऱ्या सामंतांना स्वतःचं एकही ठेवता येत नव्हतं, आणि तशी इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली नाही.

कंपनीचं नाव तिच्या सेवेमुळे झालं होतं. हमी मालकाला नव्हे, पिस्तुलाला. कोणाकडूनही घेतलेलं असो, कितीही जुनं असो, पाठवून द्यायचं. मोडलेलं फुकट दुरुस्त होऊन येई. मधल्या काळात एखादा सुधारित भाग निघालेला असला तर तोही न मागता बसवलेला असे: नवी स्प्रिंग, अंधुक उजेडात दिसणारी नेमाची खूण, न अडकणारं मॅगझिन. शिवाय सामंत स्वतःहून एक पातळ चामडी पिशवी देत. खिशातलं पिस्तूल बहुतेक वेळा खिशामुळेच बिघडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. कापडाचं तूस, चिल्लर, दात घासायच्या मिसवाक काडीचे तुकडे, मुलांनी दिलेल्या गोळ्यांचे चिकट कागद. "माणूस दिवसभर काय करतो ते त्याच्या खिशाच्या तळाला साचतं," ते म्हणत. "मी फक्त झाडून काढतो."

त्यांना स्वतःला खिसे नव्हते. कामाच्या जागी बाहेर पडताना प्रत्येकाची झडती होई. ती लवकर उरकावी म्हणून सामंतांनी करामातल्या शिंप्याकडून पँटचे आणि शर्टाचे खिसे शिवून बंद करून घेतले होते. पुढे घरचे कपडेही तसेच झाले. किल्ल्या, मोबाइल, ओळखपत्र, मेट्रोचं कार्ड हे सगळं ते एका पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून हातात धरत. गणपतीच्या आरतीला रेशमी कुडता घालून आले तरी हातात ते पाकीट. हात मोकळे असले की कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नसे. मग ते पाठीमागे बांधत.

दुरुस्त झालेलं पिस्तूल परत गेलं की थोड्या दिवसांनी सामंत ग्राहकाला फोन करत. कंपनीचा तसा नियम नव्हता. फोनवर एकच प्रश्न: "शांत आहे ना?" म्हणजे हिंदीत, "शांत है ना?" कधी अरबीत. पुढे हा प्रश्न सगळ्यालाच लागू झाला. आमच्या घरी बाळ झालं तेव्हा दारात उभं राहून त्यांनी बाळाबद्दल तेच विचारलं. आमचा एसी बदलला तेव्हाही. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झाल्याचं कळल्यावर जिन्यात थांबवून म्हणाले, "आता शांत आहे ना?" वडील की दुखणं, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

त्यांची काम करण्याची एक पद्धत होती आणि तिला अपवाद नव्हता. आधी दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, मगच हात घालायचा. ग्राहक म्हणतो अडकतं, तर आपल्या हातात अडकलं पाहिजे. न अडकता भाग बदलला, तर आपण काय दुरुस्त केलं हे कोणालाच कळत नाही.

आमचा मिक्सर मधूनच बंद पडायचा. सामंतांनी तो वर नेला आणि बदली म्हणून त्यांचा स्वतःचा खाली पाठवला. आठवडे गेले. रोज संध्याकाळी वरून मिक्सर चालल्याचा आवाज येई. रिकामा, मग चटणीचा, मग पुन्हा रिकामा. विचारलं की म्हणत, "माझ्यासमोर बंद पडत नाहीये. लाजतोय." शेवटी एकदाचा पडला. सामंतांनी आतली सुटलेली तार जोडली आणि मिक्सर परत आणून दिला. त्या दिवशी विद्यावहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, आमच्याकडे पाहुणे येत नाहीत. पाहुण्यांचे मिक्सर येतात, आणि ते महिनाभर राहतात."

त्यांची मुलगी अनुजा शारजात कॉलेजला होती. ती इथेच वाढलेली, त्यामुळे मराठी सगळं कळे, उत्तर इंग्रजीत. "बाबा, यू आर ऑलवेज वेटिंग फॉर समथिंग टू गो राँग," ती एकदा जेवताना म्हणाली. सामंतांनी घास संपवला. म्हणाले, "हो. समोर राँग गेलं तर बरं असतं. पाठीमागे गेलं की त्रास."

त्यांच्या खरेपणाबद्दलचा एक प्रसंग इथे सांगणं आवश्यक आहे, कारण पुढचं त्यावर उभं आहे. एका वयस्क ग्राहकाची तक्रार होती की पिस्तूल नेम धरू देत नाही. सामंतांनी ते तपासलं. पिस्तूल ठीक होतं. ग्राहकाचा हात थरथरत होता. सामंतांनी त्याला हे बाजूला घेऊन सांगितलं. तो गृहस्थ म्हणाला, कळलं, पण लेखी देताना स्प्रिंग सैल होती असं लिही. घरात मुलगे आहेत. सामंतांनी लिहिलं, "पिस्तुलात दोष नाही." तो ग्राहक पुन्हा आला नाही. दरवर्षी त्याच्याकडून खजुराची पेटी येत असे आणि ती आमच्या सगळ्या इमारतीत वाटली जाई. ती बंद झाली. "एवढं लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?" वहिनींनी विचारलं होतं. सामंत म्हणाले, "त्याच्या पुढच्या पिस्तुलाचं बिघडलं असतं. लोक माझ्या सहीवर लोड करतात."

मी त्यांच्या कामाच्या जागी पहिल्यांदा गेलो तो गुरुवार होता. सामंतांची गाडी गॅरेजमध्ये होती. मी अल क्वोजला दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, म्हणून परतताना त्यांना घ्यायचं ठरलं. पत्र्याच्या गोदामांची रांग, कामगारांच्या बस, उन्हाने पांढरा पडलेला रस्ता. सर्व्हिस सेंटरवर पाटी नव्हती. दाराशी शाजी होता, केरळचा, सुरक्षारक्षक. त्याने ओळखपत्र पाहून मला काचेमागच्या बैठकीत बसवलं.

तिथे आधीच एक अरब गृहस्थ बसले होते. पांढरा पायघोळ कंदुरा, हातात जपमाळ, शेजारी टेकवलेली काठी. खोलीला ऊदाचा वास होता. शाजीने आम्हा दोघांना कागदी कपात कडक चहा आणून दिला. त्यांनी कप घेतला आणि खाली ठेवून दिला.

"आप मुहंदिस का भाई?" त्यांनी विचारलं. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. सामंतांना ते याच नावाने हाक मारत.

"पड़ोसी."

"पड़ोसी अच्छा है," ते म्हणाले. "भाई तो सो जाता है."

तेवढ्यात आतल्या बंद दारामागे काहीतरी पडलं. ठप्. जड, बुटका आवाज, पायाखालच्या फरशीत कळणारा. जपमाळेवरची बोटं थांबली. काही वेळाने पुन्हा हलायला लागली. मग पुन्हा ठप्. पुन्हा बोटं थांबली. मी शाजीकडे पाहिलं. तो दाराकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभा होता. हे बराच वेळ चाललं. प्रत्येक आवाजानंतरची शांतता आधीच्यापेक्षा लांब वाटत होती. ती खरंच लांब होती की नाही हे मी मोजलं नाही.

दार उघडून सामंत बाहेर आले. हातात प्लास्टिकचं पाकीट.

"नहीं हुआ, अबू राशिद."

"अच्छा." ते गृहस्थ काठीवर उठले.

"अगले गुरुवार."

"इन्शाल्ला."

शाजीने त्यांना गाडीपर्यंत सोडलं. कपातल्या चहावर साय धरली होती.

"काय झालं नाही?" मी गाडीत विचारलं. सामंतांनी शेख झायद रोड आल्यावर सांगायला सुरुवात केली. पुढचा तपशील त्यांनी त्या दिवशी आणि नंतरच्या काही संध्याकाळी फिरताना दिलेला आहे. ज्या गोष्टी इतरांकडून कळल्या त्या तशा सांगितल्या आहेत.

अबू राशिद म्हणजे राशिदचे वडील. तिथे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारतात. त्यांच्याकडे कंपनीचं जुन्या बनावटीचं पिस्तूल होतं. त्या बनावटीत एक उणीव होती: भरलेलं पिस्तूल मागच्या बाजूवर, टोपीवर आघात करणाऱ्या घोड्यावर, जोरात आपटलं तर क्वचित चाप न ओढताही बार उडू शकत असे. मागच्या बाजूवर पडलं म्हणजे नळी वर. कंपनीने उपाय काढला होता. नवा घोडा आणि त्याच्यापुढे एक पोलादी आड. चाप ओढला तरच ती आड बाजूला होते. हे बसवून देणं मोफत. सामंतांनी यादीतल्या प्रत्येक मालकाला फोन केले. अबू राशिदना तीनदा केले. ते रमजाननंतर म्हणाले, मग ईदनंतर, मग उन्हाळा संपल्यावर.

उन्हाळा संपला. हिवाळ्यात वाळवंटात मुक्कामाला जायचे दिवस आले. राशिद, वय वर्षं सव्वीस, वडिलांच्या खोलीत मेला. कपाटाच्या वरच्या फळीवर दुलया ठेवलेल्या असत आणि पिस्तूल त्या दुलयांच्या मधे, भरलेलं. दुलई ओढताना पिस्तूल खाली पडलं आणि बार उडाला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. अपघात. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पोलिसांकडून रीतसर पिस्तूल परत मिळाल्यावर अबू राशिद ते घेऊन अल क्वोजला आले आणि म्हणाले, अपग्रेड करायचंय.

सामंतांनी नेहमीच्या पद्धतीने आधी जुन्या स्थितीत चाचणी घ्यायचं ठरवलं. नुसत्या टोपीचं काडतूस भरायचं, स्टँडवरून पिस्तूल मागच्या बाजूवर पाडायचं. टोपी फुटली की दोष दिसला. मग नवा भाग.

टोपी फुटली नाही. पुन्हा पाडलं. फुटली नाही. त्या बनावटीच्या इतर पिस्तुलांतली टोपी सामंतांसमोर लवकर किंवा उशिरा फुटली होती. यातली फुटेना.

"तुमच्या लक्षात येतंय ना?" सामंत मला म्हणाले. सिग्नल लाल होता. "पडून उडत नसेल, तर मग चाप ओढला गेला."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"अबू राशिदच्या ते माझ्या आधी लक्षात आलं."

पहिल्याच आठवड्यात अबू राशिदनी सामंतांना बैठकीत शेजारी बसवून घेतलं होतं. मुलगा महिनाभर घरच्यांबरोबर जेवत नव्हता, असं ते म्हणाले. विचारलं तर हसत असे. खोलीत सगळ्यात आधी ते स्वतः गेले. सगळं आठवतं: खिडकीचा पडदा, मुलाच्या पायातली एक चप्पल. पण दुलया खाली पडल्या होत्या की फळीवर होत्या, हे आठवत नाही. कोणी विचारलं नाही. नंतर बायकांनी खोली आवरली. "रोज उस कमरे में जाता हूँ, मुहंदिस. ऊपर देखता हूँ. कभी दिखता है कंबल नीचे थे. कभी ऊपर."

मग ते म्हणाले, "अगर देर मेरी है, तो वो मैं उठा लूँगा. मेरी पीठ है उसके लिए. दूसरी बात मैं नहीं उठा सकता. उसकी माँ भी नहीं."

सामंत म्हणाले, जे होईल ते सांगेन.

"इसीलिए तेरे पास आया हूँ. मेरे साले का हाथ काँपता है. तूने लिखके दिया, पिस्तौल ठीक है. एक शब्द नहीं बदला. तू बोलेगा तो मैं मानूँगा."

थरथरत्या हाताचा तो ग्राहक त्यांचा मेव्हणा होता.

कंपनीचं वागणं या काळात उदार होतं, हे नोंदवायला हवं. वरिष्ठांनी अबू राशिदना सगळ्यात नव्या बनावटीचं पिस्तूल भेट देऊ केलं. त्यांनी नाकारलं. नवं नको, याचं काय ते सांगा. वरिष्ठांनी मग सामंतांना सुचवलं की इतक्या वेळा पाडून झालंय, दोष आढळला नाही असं लिहून काम बंद करावं. सामंतांनी कळवलं, चाचणी चालू आहे. दर महिन्याला हेच कळवत राहिले. पहिल्या काही आठवड्यांनंतर चाचणीची वेळ गुरुवार दुपार ठरून गेली, कारण अबू राशिद गुरुवारी येत. आत येत नसत. काचेमागे बसत, आवाज ऐकत, जात.

"भाग बसवून देऊन टाका ना," मी म्हणालो.

"बसवला की चाचणी संपली. मग ते कधीच कळणार नाही."

"नाही कळलं तर?"

सामंत थांबले, नेहमीसारखे. "तुमचं वाक्य संपलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी हिरव्या झालेल्या सिग्नलकडे बोट केलं.

नंतरच्या उन्हाळ्यात आमच्या छतावर आवाज सुरू झाला. संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला. काहीतरी पडायचं, मग शांतता, मग पुन्हा पडायचं. अल क्वोजला जो आवाज ऐकला होता त्याच्यापेक्षा हलका, पण अंतर तेच. आमचं बाळ तेव्हा रांगत होतं. आवाज झाला की ते थांबून वर बघायचं.

मी वर गेलो. दार विद्यावहिनींनी उघडलं. त्यांनी झोपायच्या खोलीकडे हात केला. सामंत कपाटासमोर उभे होते. वरच्या फळीवर घरातल्या सगळ्या दुलया आणि चादरी घड्या घालून रचल्या होत्या. या हवेत कोणी दुलई वापरत नाही. त्या मुंबईहून आणवल्या होत्या. सामंत मधली दुलई ओढत. तिच्याबरोबर एक लाकडी ठोकळा खाली येई. त्याला पिस्तुलाचा आकार दिलेला होता, आत शिसं भरून वजन जुळवलेलं. तो गालिच्यावर पडे. सामंत गुडघ्यावर बसून तो कसा पडलाय ते बघत. मग दुलई घडी घालून पुन्हा वर.

"आडवाच पडतो," ते मला म्हणाले. मी कधी आलो हे त्यांनी विचारलं नाही. "कशीही ओढा. मागच्या बाजूवर येतच नाही."

अनुजा दारात आली. "बाबा, प्लीज. स्टॉप."

"एवढी एकदा."

तो पुन्हा आडवा पडला.

मला जिन्यापर्यंत सोडताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्या मुलाचं कपाट आमच्या घरात आलंय. मी त्यातली साडी काढायची तर आधी वर बघते."

ठोकळा त्यांनी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकला. सामंतांनी नवा केला नाही. गुरुवार चालू राहिले.

निवृत्तीचं वय झालं. व्हिसाची मुदत ठरली, ठाण्याचं घर रंगवून झालं, सामानाच्या पेट्या जिन्यात उभ्या राहिल्या. सामंतांच्या जागी येणारा तरुण अधिकारी पुढच्या आठवड्यात रुजू होणार होता. जुनी उघडी कामं पहिल्या दिवशीच मिटवायची, अशा त्याला सूचना होत्या. उघडं काम एकच होतं. तो 'दोष आढळला नाही' असं लिहील हे सामंतांना माहीत होतं, आणि ते चाचण्यांत जे घडलं होतं त्याला धरूनच असणार होतं.

त्या बुधवारी संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले. बशीत चहा ओतून घेतला आणि प्यायले नाहीत.

"उद्या शेवटचा गुरुवार," मी म्हणालो.

"हो."

"नाही फुटली तर?"

"पुढच्या आठवड्यात अबू राशिदच्या घरी पत्र जाईल." त्यांनी पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "घरी त्यांची बायको उघडते पत्रं. त्यांना वाचता येत नाही नीट, चष्म्यानेही दिसत नाही. ती वाचून दाखवते."

एवढंच बोलणं झालं.

गुरुवारी काय झालं त्याचा अधिकृत तपशील असा. सामंत जेवणानंतर चाचणीच्या खोलीत गेले. टोपी फुटली. त्यांनी बाहेर येऊन कळवलं, आणि त्याच दुपारी स्वतःच्या हाताने पिस्तुलात नवा घोडा आणि पोलादी आड बसवली. जुना घोडा, कंपनीच्या नियमाप्रमाणे, प्रेसखाली चिरडून टाकण्यात आला. त्यानंतर ते पिस्तूल जुन्या स्थितीत पुन्हा तपासता येणं शक्य नव्हतं.

त्या दिवशी अबू राशिदना यायला उशीर झाला होता. रस्त्यात अपघात होऊन गाड्या अडकल्या होत्या. टोपी फुटली तेव्हा बैठक रिकामी होती. ते आले तेव्हा सामंत काचेजवळ उभे होते.

"हुआ," सामंत म्हणाले. "गिरा और हुआ."

अबू राशिदनी काठी भिंतीला टेकवली. ते जवळ आले आणि त्यांनी सामंतांच्या नाकाला नाक लावलं, आपल्या माणसाला लावतात तसं. "देर मेरी थी," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा तेच म्हणाले, आणि बसले. शाजीने आणलेला चहा त्यांनी पूर्ण प्यायला. पिस्तूल घरी नेलं नाही. ते पोलिसांकडे जमा करण्याची व्यवस्था कंपनीने केली.

मी सामंतांना शेवटचं पाहिलं ते इमारतीच्या दाराशी. टॅक्सीत पेट्या चढत होत्या. विद्यावहिनी आणि अनुजा आत बसल्या होत्या. सामंत बाहेर उभे राहून फोन लावत होते, प्लास्टिकचं पाकीट बगलेत. पलीकडून फोन उचलला गेला.

"अबू राशिद. शांत है ना?"

ते ऐकत राहिले. पलीकडचं वाक्य संपल्यावरही थोडे थांबले. मग फोन पाकिटात घातला.

"काय म्हणाले?"

"झोप लागते म्हणाले. आता त्या खोलीत जात नाहीत." त्यांनी मोकळा हात खिशाकडे नेला, तिथे शिवण होती, आणि तो पाठीमागे घेतला. "चला. येतो."

टॅक्सी गेली.

महिन्याभराने ठाण्याहून विद्यावहिनींचा फोन आला. सामंतांचा स्वतःचा चिमटे आणि भिंगांचा डबा सेंटरमध्ये राहिला होता. कोणी भारतात जाणारं असलं तर पाठवा, म्हणाल्या. मी अल क्वोजला गेलो. डबा शाजीने जपून ठेवला होता. सही घेतली, डबा दिला, चहा मागवला. सामंतसाब कसे आहेत, विचारलं. ठीक आहेत, मी सांगितलं. आता गुरुवारी आवाज येत नाही, चुकल्यासारखं होतं, असं तो म्हणाला. त्याची खुर्ची चाचणीच्या खोलीच्या भिंतीला टेकलेली असते. एवढी वर्षं दर ठप् त्याच्या पाठीला कळत असे.

"लास्ट गुरुवार भी इधर ही बैठा था, साब," शाजी म्हणाला. "वो फट् सुना. एकदम छोटा."

"ठप् के बाद?"

त्याने कप खाली ठेवला.

"नहीं साब. पहले फट् आया. थोड़ा टाइम कुछ नहीं. फिर गिरने का ठप् आया, एक बार."